बोक्याचा काका

"बोक्याचे बाबा? ते तर मागेच वारले हो," असं ती बाई मला म्हणाली तेव्हा बोक्याचा बाबा, म्हणजे मीच, तिच्यासमोर हातात मोकळा पट्टा घेऊन उभा होतो. तिने विचारलं होतं एवढंच, की बोक्याला आज तुम्ही कसे घेऊन आलात. मी तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच उत्तरं शोधायला सुरुवात केली. बोक्याची आई बरी आहे ना, तुम्ही तिचे भाऊ का, बाबा तर नाहीत, ते मागेच वारले. बोलताना तिने मान किंचित तिरकी केली, मेलेल्या माणसाचं नाव काढताना लोक करतात तशी. मी बोक्याकडे पाहिलं. एक कान दुमडलेला, काळा, बेशरम, आमचाच कुत्रा. तो पलीकडे एका पिवळट कुत्रीच्या शेपटीखाली नाक घालून जुनी ओळख पटवत होता. बाई माझ्या उत्तराची वाट पाहत होती. मी तिला सांगू शकलो असतो, की बाई, मी जिवंत आहे, आज सकाळी दाढी करताना मला हनुवटीवर कापलंसुद्धा आहे. पण आपण जिवंत आहोत हे अनोळखी माणसाला पटवायला लागणं म्हणजे भीक मागण्यासारखंच झालं. "मी काका," मी म्हणालो. "बोक्याचा काका. त्यांचा धाकटा भाऊ." बाईने लगेच दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाली, "तरीच. मला वाटलंच होतं."

काय वाटलं होतं तिला, कोण जाणे. ही जागा म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरचं एक कुंपण घातलेलं मैदान, कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी ठेवलेलं. आत जायला एकापाठोपाठ दोन फाटकं. बाहेरचं लावायचं, मधल्या पिंजऱ्यात पट्टा काढायचा, मग आतलं उघडायचं. मला यातलं काही माहीत नव्हतं. बायकोचा पाय जिन्यावर मुरगळला, डॉक्टरांनी प्लास्टर घालून तिला सोफ्यावर बसवलं आणि कुत्रा माझ्या गळ्यात पडला. तिने बजावलं होतं, "रस्त्यावरच फिरव. त्या मैदानात नेऊ नकोस, त्याला दुसरी कुत्री चालत नाहीत, फाडून खाईल." मीही नेणार नव्हतो. पण कोपऱ्यावर आल्यावर बोक्याने मला असं ओढलं, की हात खांद्यातून निघतो की काय असं वाटलं. फाटकापाशी पोचल्यावर मात्र तो शहाण्यासारखा बसला, मधल्या पिंजऱ्यात शिरला, पुन्हा बसला आणि मान वर करून पट्टा निघायची वाट पाहू लागला. दुसरी कुत्री न चालणारा कुत्रा असं बसत नाही. ती त्याला इथे रोज आणत होती, एवढं मला तिथेच कळलं. वारल्याचं नंतर कळलं.

आत गेल्यावर माणसांची नावं गळून पडतात, असा तिथला रिवाज. कोणी कोणाला नाव विचारत नाही. जी पिवळट कुत्री ती लिंबू, आणि मला मारून मोकळी झाली ती लिंबूची आई. एक उंच, पाठीत वाकलेला, सदैव चॉकलेटी कोट घालणारा माणूस होता तो जहाजचे बाबा, कारण त्याच्या वासराएवढ्या कुत्र्याचं नाव जहाज. ही माणसं रोज भेटतात, एकमेकांच्या कुत्र्यांचं पोट बिघडलं की हळहळतात, हातात शीची पिशवी लटकवून आयुष्यावर बोलतात, आणि एकमेकांचं आडनावसुद्धा त्यांना माहीत नसतं. मला त्यांचा पहिल्या दिवसापासून तिटकारा आला. त्यांच्या लाडिक हाका, खिशातली कुत्र्यांची बिस्किटं, "आमचा ना, फार सेन्सिटिव्ह आहे" म्हणतानाचे ते ओले डोळे. सगळ्यात राग कशाचा आला असेल तर त्यांच्या चांगुलपणाचा. जिथे नाव विचारत नाहीत तिथे माणूस वाटेल ते सांगू शकतो, आणि माझ्या बायकोने या भोळसट कळपात येऊन मला मारलं होतं.

घरी परतताना मी काय काय बोलायचं ते घोकत आलो. दार उघडलं तर ती सोफ्यावर, पाय स्टुलावर, मांडीवर उशी. "कुठे नेलंस?" "रस्त्यावर." "भुंकला कोणावर?" "नाही." एवढं बोलून ती टीव्हीकडे वळली. मी तिच्या मानेकडे पाहत राहिलो. तिथे केसांखाली एक तीळ आहे, तो मी किती दिवसांत पाहिला नव्हता ते आठवेना. मनात आलं, हिला आत्ता विचारावं, मी कशाने मेलो? पण विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय मला कळलंय हे तिला कळलं, की माझ्या हातात काय उरलं? मी बोक्याला पुन्हा खाली नेलं, पायपुसण्यावर त्याचे पाय घासून घासून पुसले, नखांत अडकलेलं गवत काढलं. बाहेर लफडं करणारा माणूस कॉलर तपासतो तसं.

मी कान तपासतो. म्हणजे ते माझं काम आहे. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की बटण दाब, एवढंच. बहुतेक माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. त्यांना पास व्हायचं असतं. पण काही जण ऐकू येत असूनही दाबत नाहीत. नोकरीत कान गेला, भरपाई द्या, म्हणणारे हे खोटे बहिरे पकडण्यात माझा हातखंडा आहे. त्यांचं तोंड सांगतं. खरा बहिरा आवाजाची वाट पाहतो, खोटा आवाज टाळतो. कधी कधी मी तपासणी संपल्यावर तोंड फिरवून अगदी हळू म्हणतो, "तुमच्या खिशातून काहीतरी पडलं," आणि बहिरा गृहस्थ खाली वाकून बघतो. त्या वाकण्यात मला जो आनंद होतो तसा हल्ली दुसऱ्या कशातच होत नाही. आणि असा मी, एका घरात, एका बिछान्यावर, एवढी मोठी थाप रोज ऐकत होतो आणि माझ्या कानांना पत्ता नव्हता. माझ्या हुशारीला तिने किती सहज गुंडाळून ठेवलं होतं, या विचाराने अंगाचा तिळपापड होई. समोरच्या खोलीतला म्हातारा बटण दाबतोय याकडे मग माझं लक्षच नसे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. कारण मला माझ्याविषयी ऐकायचं होतं. आधी माझा संशय जहाजच्या बाबांवर होता. बायको दुसऱ्या पुरुषासाठी विधवा झाली असेल तर ते समजण्यासारखं आहे. मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो, त्याचे हात पाहिले, नखं पाहिली. तो म्हणाला, "वहिनींना सांगा, जहाजच्या कानाला त्यांनी सांगितलेलं तेल लावलं, गुण आला." तो तिला वहिनी म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि कुत्रा यांच्याशिवाय काहीही नव्हतं. मी निराश झालो. दुसरा पुरुष असता तर बरं झालं असतं. त्याला बडवता आलं असतं, घराबाहेर काढता आलं असतं. पण जो होता तो मीच होतो, मेलेला, आणि मेलेल्याला कोण काय करणार.

तर मी कसा होतो ते मला त्या बाकावर हळूहळू कळत गेलं. मी आंघोळ करताना गायचो. मला गाणं येत नव्हतं पण मी गायचो, आणि ती बाहेरून दारावर थाप मारून चुकलेला शब्द सांगायची. माझे पाय गरम असत आणि थंडीत मी तिचे गार पाय माझ्या पायांत घेऊन झोपायचो. तिची आई गेली तेव्हा मी रात्रभर तिच्यासोबत स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो, एक शब्द न बोलता. "असं बसणारा माणूस मिळायला नशीब लागतं," लिंबूची आई म्हणाली. तिची आई गेली तेव्हा मी काय करत होतो ते मला चांगलं आठवतं. सकाळी काम होतं म्हणून मी झोपलो होतो. काम खरंच होतं. तिनेही "झोप तू" असंच म्हटलं होतं, मग आता ही तक्रार कशाची? आणि तक्रार असेल तर मला सांगायची, कुत्र्यांच्या आयांना का? घरात ती मला अरे-तुरे करते, पण इथे मी 'आमचे हे' होतो, 'ते' होतो, 'म्हणायचे', 'करायचे' होतो. मेल्यावर माझी पत वाढली होती. आणि गेलो कसा? झोपेतच. "कुणाला म्हणून त्रास दिला नाही त्यांनी," जहाजचे बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला त्रास दिला नव्हता, आणि त्यासाठी मरावं लागलं होतं.

सगळंच खोटं असतं तर मी एकदा हसून सोडून दिलं असतं. ती रंगांच्या दुकानात काम करते, गिऱ्हाईकाने आणलेल्या चिंधीवरून, फुटक्या टाइलवरून हवी ती छटा मिसळून देते. ती एकदा म्हणाली होती, पांढरा नुसता पांढरा टाकला तर तो मळकट दिसतो, त्यात निळ्याचा एक थेंब लागतो. माझ्या मरणातही तिने असा थेंब टाकला होता. बोक्याचं नाव मी ठेवलं हे खरं आहे. तिने ते पिल्लू पिशवीत घालून आणलं तेव्हा मी म्हणालो होतो, "कुत्रा आहे की बोका हा? ठेवायचा तर ठेव, माझ्या अंगावर येता कामा नये." हेच वाक्य मैदानात पोचलं होतं, पण तिथे ते वाक्य ऐकून सगळे हसत होते. "किती मिश्कील हो तुमचे भाऊ," लिंबूची आई म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मी तेच बोललो होतो. तेच शब्द. मग माझ्या तोंडून निघाले तेव्हा घरात का कोणी हसलं नाही? मी तेव्हा मिश्कील होतो का? मला आठवून बघता येईना. माझ्या आणि माझ्यामध्ये हा सोंगाड्या येऊन बसला होता, गाणारा, गरम पायांचा, आणि त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर मी घरी जाई तेव्हा मला तिथे स्वतःचाच कंटाळा येई. एकदा मी आंघोळ करताना गुणगुणून पाहिलं. बाहेरून तिचा आवाज आला, "काय झालं? पाणी गेलं का?" मी नळ बंद केला आणि तसाच साबण लागलेला उभा राहिलो.

मी तिचा द्वेष करत होतो, हे आता सरळ सांगतो. ती सोफ्यावर बसून प्लास्टरच्या आत सळई घालून खाजवायची, मी आणून दिलेला चहा माझ्याकडे न बघता घ्यायची, आणि मला दिसायचं, ही इथे नाहीच. ही तिकडे, कुंपणाच्या आत, त्याच्या आठवणीत बसली आहे. बोक्या तिच्या पायाशी पडलेला असे. तो माझ्याकडे डोळे वर करून बघे, आणि त्या घरात काय चाललंय ते फक्त त्या एका जनावराला ठाऊक होतं. मैदानावर तो इतका मनमोकळा धावे, इतर कुत्र्यांशी लोळे, पडतं घेई, पुन्हा उठे, की मला वाटे, माणसाला मिसळायला शिकवायचं असं एखादं कुंपण असतं तर मला कोणी तिथे सोडलं असतं का. आणि सोडलं असतं तरी मी चावलोच असतो.

मग एका संध्याकाळी लिंबूची आई म्हणाली, "आम्ही ठरवलंय. रविवारी सगळे मिळून बोक्याच्या आईला भेटायला येतो. एकटी आहे बिचारी, पाय असा, करायला कोण आहे तिला? पत्ता सांगा फक्त." मी म्हणालो, तिला भेटायला आवडत नाही. "असं कसं? ती आम्हाला कुटुंब म्हणते." मी म्हणालो, घर लहान आहे. "आम्ही काय राहायला येतोय होय?" ती हसली. जहाजचे बाबा खिशातून पेन काढून उभे राहिले. त्यांचे ते भले, पाणावलेले चेहरे माझ्यावर वाकलेले. माझ्या डोळ्यांसमोर आलं, रविवारी दार वाजतंय, मी उघडतोय, आणि माझ्या पाठीमागे ती सोफ्यावरून म्हणतेय, कोण आहे? तिची फजिती होईल हे मला हवंच होतं. पण त्या क्षणी कळलं, की सगळे तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघतील. हा तो? हा? झोपेत गेला तो हा? त्याच्यापुढे माझी काय लायकी ते त्यांच्या तोंडावर मला दिसेल. एकंदर तिने मला मारलं ते बरंच केलं असंच त्यांना वाटेल.

"ती नाही आता," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. "परवा गेली. प्लास्टरमुळे पाय हलला नाही, पायात रक्ताची गाठ झाली, ती वर सरकून फुप्फुसात अडकली. तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं." हे असं होतं, होऊ शकतं, डॉक्टरांनीच आम्हाला घाबरवताना सांगितलं होतं. मीही माझा निळा थेंब टाकला.

लिंबूची आई उभी होती तिथेच मातीत बसली. हाताने शेजारचं गवत उपटत राहिली. जहाजच्या बाबांनी पेन परत खिशात घातलं, ते दोनदा चुकलं, मग ते कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचा कोट पाठीवर हलत होता. बातमी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेली. आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. एकेकाने आपापल्या कुत्र्याला हाक मारली, पट्टा घातला आणि धरून उभे राहिले. मोकळं सोडायच्या त्या मैदानात एकही कुत्रा मोकळा राहिला नाही. फक्त बोक्या धावत होता, एकेकाजवळ जाऊन खेळायला बोलावत होता, आणि कोणी येत नव्हतं. तिच्यासाठी ही माणसं अशी रडत होती. तिने इथे येऊन काय केलं होतं यांच्यासाठी? कानाचं तेल सांगितलं, बाकावर बसून ऐकून घेतलं, इतकंच ना? माझा जीव जळून गेला. माझ्या मागे कोण पट्टे घालेल? लिंबूच्या आईने मान वर केली, तिचं नाक लाल झालं होतं, आणि ती म्हणाली, "एका अर्थी सुटली हो. आता दोघं भेटले असतील."

त्या गाणाऱ्या मेल्याला ती भेटली असेल. मीच तिला मारून त्याच्या हवाली केली होती. आता ती दोघं कुठेतरी जोडीने बसली असतील आणि मी इकडे दोघांचा कुत्रा घेऊन उरलो होतो, काका.

त्यानंतर मी मैदानाकडे फिरकलो नाही. बोक्या कोपऱ्यावर बसकण मारी, मी त्याला फरफटत पुढे नेई. मग प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं. सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होतो तर ती भिंतीला धरून आतून आली, केस विंचरलेले, ओठांना काहीतरी लावलेलं. "मी नेते त्याला आज. घरात बसून जीव आंबून गेलाय." बोक्याने ते ऐकून दाराशी नाचायला सुरुवात केली. मी म्हणालो, "कुठे जाणार?"

"इथेच. रस्त्याने."

"त्या मैदानात का नाही नेत? मोकळा धावेल. दुसऱ्या कुत्र्यांत मिसळेल."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, सांग. आत्ता सांग, मग मीही सांगतो, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. आपण दोघं या दारात बसू आणि भांडू, डोकी फोडू. पण तू त्या फाटकातून आत जाऊ नकोस, ती माणसं तुझ्याकडे बघून काय करतील ते मला माहीत आहे. बायकोने पट्टा हुकवरून काढला आणि शांतपणे म्हणाली, "छे, वेडा आहेस का? भांडखोर आहे तो. मी कधी पाऊल ठेवलं नाही तिथे." चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. अशी सफाई मी काचेच्या खोलीत कधी पाहिली नव्हती.

ती स्टुलावर बसून बुटात पाय घालू लागली. सुजलेला पाय आत जाईना, आणि गेला तेव्हा वाकता येईना. मी बॅग खाली ठेवली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि नाडी हातात घेतली. "अरे, राहू दे," ती म्हणाली, पण तिने पाय पुढे केला. मी आधी दुखऱ्या पायाची नाडी सैल बांधली, मग दुसऱ्याची, आणि दोन्हींना दुहेरी गाठ मारली, वाटेत सुटू नये म्हणून. पाय पुढे धरताना तोल जाईल म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात टेकवला होता. गाठी मारून झाल्या तरी तो तिथेच होता. तिची बोटं माझ्या केसांत किंचित हलली, मी कोण आहे ते चाचपून बघावं तशी. "आज काय झालंय तुला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता, की तो मी या घरात ऐकला नव्हता. तो मैदानातला असावा. मी मान वर केली नाही. हात उचलला जाईपर्यंत तसाच बसलो.

"सावकाश जा," मी म्हणालो, आणि दार लावून घेतलं.